फिनेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि शाळांच्या पालकगटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: मुलाने फिनेल, ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर प्यायल्यास मिठाचे पाणी पाजून ताबडतोब उलटी करवावी, ॲसिड असेल तर खाण्याचा सोडा द्यावा आणि वर भरपूर दूध पाजावे, तोंडात फोड नसतील तर रुग्णालयाची गरज नाही, आणि बाटलीवर ठळक नाव लिहिले की असे अपघात होतच नाहीत. शेवटी संडास लखलखीत करण्यासाठी ॲसिड आणि ब्लीच एकत्र वापरण्याचा सल्लाही जोडलेला असतो. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही आणि पहिला तर जिवावर बेतणारा आहे.

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, तर तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पावडरीत कॉस्टिक सोडा. ही द्रव्ये पोटात उतरताना अन्ननलिका भाजते. उलटी करवली की तीच द्रव्ये त्याच भाजलेल्या वाटेने परत वर येतात आणि इजा दुणावते. फिनेल, टर्पेंटाइन आणि रॉकेल यांचा धोका वेगळा आहे. ती पोटात जाण्यापेक्षा श्वासनलिकेत जाणे अधिक घातक असते, कारण थोडेसे थेंबही फुप्फुसात पसरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि उलटीच्या वेळी, विशेषतः मुलाला गुंगी आलेली असताना, नेमके हेच घडण्याची भीती असते. मिठाच्या पाण्याचे तर स्वतःचेच विष होते: लहान मुलाच्या रक्तातले सोडियम एकाएकी वाढून झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. घशात बोटे घालून उलटी काढणे हेही तितकेच वर्ज्य आहे.

खाण्याच्या सोड्यामागचा तर्क शाळेतल्या प्रयोगशाळेत बरोबर ठरेल, पोटात नाही. ॲसिड आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, पोट फुगते आणि जे टाळायचे तीच उलटी होते. भरपूर दुधानेही पोटाला तड लागून उलटी होऊ शकते, शिवाय पुढे दुर्बिणीने अन्ननलिका तपासताना डॉक्टरांना अडचण होते. मूल शुद्धीवर असेल तर तोंड ओल्या फडक्याने पुसावे, चूळ भरता येत असल्यास भरून थुंकायला लावावे, आणि डॉक्टर सांगेपर्यंत दुसरे काहीही पोटात देऊ नये.

फोड नाहीत म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. तोंड स्वच्छ दिसत असतानाही अन्ननलिका भाजलेली असू शकते. लाळ सतत गळणे, गिळायला नकार देणे, आवाज घोगरा होणे, श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे गंभीर आहेत, आणि ती नसली तरी तपासणी आवश्यकच असते, कारण आतली जखम भरताना काही आठवड्यांनी अन्ननलिका आकसून घास उतरेनासा होऊ शकतो.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आल्यावर क्लोरीन वायू सुटतो. हवा खेळायला जेमतेम एक झरोका असलेल्या मुंबईच्या न्हाणीघरात तो काही क्षणांत डोळे आणि छाती जाळू लागतो. अशा वेळी सांडलेले पुसत न बसता मोकळ्या हवेत बाहेर पडावे.

राहिला बाटलीवरच्या नावाचा मुद्दा, आणि माझ्या मते बहुतेक अनर्थाचे मूळ इथेच आहे. सुटे फिनेल विकणारा दारावर येतो, तेव्हा घरातून त्याच्यापुढे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धरली जाते. पांढरे फिनेल पाण्यात मिसळले की ते थेट पातळ ताकासारखे दिसते. दोन वर्षांच्या मुलाला त्यावरचे नाव वाचता येत नाही, आणि उन्हातून घरी आलेला तहानलेला मोठा माणूसही ते वाचायला थांबत नाही. म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्यात किंवा बाटलीत ही द्रव्ये कधीच ओतू नयेत. मूळ बाटलीवर घटकांची यादी असते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तीच हवी असते. चाळीतल्या एका खोलीच्या घरात कुलपाचे वेगळे कपाट कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे; पण मोरीच्या कोपऱ्यात किंवा ओट्याखाली ठेवण्याऐवजी दाराच्या वर एक फळी ठोकून घेता येते. पुष्कळ अपघात तर लादी पुसताना, बाटली उघडी ठेवून कोणीतरी बेल वाजली म्हणून दाराशी गेल्यावर होतात, तेव्हा झाकण लावूनच उठावे.

अपघात झालाच, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा केईएम, नायर, शीव यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते. द्रव्य डोळ्यांत गेले असेल तर निघण्याआधी किमान १५ मिनिटे डोळा वाहत्या पाण्याखाली धरावा, आणि नळाला त्या वेळी पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने सलग ओतत राहावे. निघताना प्यायलेल्या द्रव्याची बाटली, ती रिकामी असली तरी, सोबत घ्यावी.