"सर, मी हे कोणासाठी करून राहिलो?"

परवा आमच्या सीए लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. आजकालची पोरं टिकत नाहीत. एकानं लिहिलं, आर्टिकलला, म्हणजे सीए होण्याआधी आमच्याकडे काम शिकणाऱ्या पोराला, दोनशे व्हाउचर तपासायला दिले तर तो विचारतो, याचा उपयोग काय? खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मीही एक टाकला. मग रात्री झोप येईना. हाच प्रश्न मला माझ्या ऑफिसात विचारला गेला होता आणि तेव्हा मी हसलो नव्हतो, चांगला तडकलो होतो.

ऑगस्ट २०२३. नागपूरच्या धरमपेठेतलं आमचं ऑफिस, टॅक्स ऑडिटचा हंगाम, टेबलांवर फायलींचे ढीग. उमरेडचा एक पोरगा आमच्याकडे आर्टिकलशिप करत होता. एका ठोक व्यापाऱ्याची खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या टू-बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवायची होती. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, हे तांदूळ निवडण्यासारखं काम आहे. फरक इतकाच की शेवटी भात मिळत नाही. चारच्या सुमारास तो केबिनमध्ये आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, राग नका मानू. पण मी हे कोणासाठी करून राहिलो?"

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यात "आमच्या वेळी" दोनदा होतं.

आता आमच्या वेळी खरंच काय होतं, ते जरा बघू. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली मिल, जिथे १८८६ सालीच कामगारांसाठी पेन्शन फंड आला. आजोबांनी कधी विचारलं नसेल की हे सूत कोणासाठी. भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं, म्हातारपणाची सोय आहे. बस. ती मिल २००२ मध्ये बंद झाली आणि आता त्या जागेवर मॉल आहे.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. दहा ते साडेपाच. कचेरीबद्दल घरी एक शब्द बोलायचे नाहीत, कारण बोलण्यासारखं तिथे काही नव्हतंच. पण सहा वाजले की सायकल सीताबर्डीकडे वळायची. जुन्या धनवटे रंगमंदिरात कोणाचं ना कोणाचं नाटक असायचं, नाहीतर राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी कुठल्यातरी शाळेच्या वर्गात. बाबा नट नव्हते, प्रकाशयोजना बघायचे. रात्री साडेदहाला घरी येऊन आईला सांगायचे, आज तिसऱ्या अंकात निळा फिल्टर कसा जमला. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी कचेरीतून येताना कधी पाहिलं नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं काही ना काही होतं. कोणाचं भजनी मंडळ, कोणाची युनियन, कोणाचं वाचनालय, कोणी दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबरच्या आणि दसऱ्याच्या गर्दीत पाणी वाटायला उभा. नोकरी पगार द्यायची. जगण्याचा अर्थ सहानंतर सुरू व्हायचा.

मी माझ्या आर्टिकलना संध्याकाळ दिलीच नाही. सप्टेंबरात रात्री दहापर्यंत बसवायचो आणि घरी पोचल्यावर "जरा ती शीट पाठव" असा मेसेज टाकायचो. आजोबांच्या मिलमधली शाश्वती नाही, बाबांच्या वेळची संध्याकाळ नाही, आणि वर माझी अपेक्षा काय, तर पोरानं कामाचा अर्थ विचारू नये. मग त्यानं तो विचारायचा कुठे? झोपेत?

२३ सप्टेंबर २०२३ नागपूरकरांना सांगायला नको. शनिवारची पहाट, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीनं आपली जुनी जागा परत मागितली. आमच्या ऑफिसच्या तळघरात छातीएवढं पाणी. ऑडिटची मुदत ३० तारखेची. मी सात वाजता पोचलो तर हा उमरेडचा पोरगा आधीच तिथे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, फायली वर आणून जिन्यात पसरतोय. मला वाटलं, चला, शुद्धीवर आला. अकराला पाहतो तर गायब. शेजारच्या गल्लीत एका आजींच्या घरातला चिखल काढत होता, सोबत आमच्याच ऑफिसातले दोघं. मी फोन केला. "येतो सर," म्हणाला आणि आला संध्याकाळी.

खरी गोष्ट सोमवारी घडली. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांचा माल गेला होता. कापड, स्टेशनरी, औषधं. विम्याचा दावा करायचा तर सर्व्हेअर विचारणार, पूर आला त्या दिवशी दुकानात किती माल होता? खरेदीची बिलं लगदा झालेली, कॉम्प्युटर पाण्यात. आपल्या फायर पॉलिसीत पूर धरलेला आहे की नाही, हेही अर्ध्यांना माहीत नव्हतं. तेव्हा हा पोरगा मला म्हणाला, "सर, बिलं भिजली, पण टू-बी तर पोर्टलवर आहे नं?"

बरोबर होतं. पुरवठादारांनी ऑगस्टपर्यंतची भरलेली प्रत्येक खरेदी तिथे बिल नंबरासकट सुरक्षित बसलेली. ती काढायची, आधीच्या ताळेबंदातला शिल्लक माल धरायचा, विक्रीचा आकडा त्या दुकानदाराच्या स्वतःच्या रिटर्नमधून घ्यायचा, त्यातून नफ्याचा भाग काढायचा, आणि उरतो तो साधारण त्या दिवशीचा माल. साधं गणित आहे, पण ते कोणीतरी बसून करावं लागतं. तो बसला. दिवसा आमची ऑडिटं, रात्री दुकानदारांचे हिशेब, असे पाच दिवस. तेच पोर्टल, तेच रकाने, तेच डोळे फोडणारं जुळवाजुळवीचं काम, ज्याला महिन्याभरापूर्वी तो कंटाळला होता. स्टेशनरीवाल्या काकांनी सर्व्हेअरपुढे तो कागद ठेवला तेव्हा हा त्यांच्या मागे उभा होता. परत आल्यावर मला काही बोलला नाही. तर्रीपोहे मात्र त्यानं सगळ्यांना स्वतःच्या स्टायपेंडमधून खाऊ घातले. आमच्या स्टायपेंडचा आकार बघता ही मोठी घटना आहे.

म्हणून मला वाटतं, आपण या पोरांचं चुकीचं ऐकतोय. "पर्पज" म्हटलं की आपल्याला वाटतं त्यांना हिमालयात जायचंय किंवा जग बदलायचंय. बहुतेकांना तसलं काही नको असतं. कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण माणूस उभा आहे, तेवढं त्यांना बघायचं असतं. आम्ही त्यांना फक्त एक्सेल दाखवतो.

तसा हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते, ती सोडून १९४९ मध्ये आनंदवनाच्या कामाला लागले. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे नागपूरच्या मेडिकलमधून निघून १९७३ मध्ये हेमलकशाला गेले. अभय आणि राणी बंग याच मेडिकलचे, १९८६ पासून गडचिरोलीत. बंग दाम्पत्यानं २००६ मध्ये "निर्माण" सुरू केलं, तेच मुळी तरुणांनी आपल्या शिक्षणाचा समाजासाठी उपयोग शोधावा म्हणून. फरक एवढाच की तेव्हा हा प्रश्न मोठ्यानं विचारायला बाबा आमटे व्हावं लागायचं. आता बी.कॉम. झालेला पोरगा विचारतो, तोही ऑगस्टमध्ये, आणि आपल्याला ते उद्धट वाटतं.

डेलॉइट या सल्लागार कंपनीनं २०२४ मध्ये ४४ देशांतल्या सुमारे २२,८०० तरुणांना विचारलं होतं. जेन झीमधल्या, म्हणजे या विशीतल्या पिढीतल्या, ८६ टक्क्यांनी सांगितलं की नोकरीत समाधान हवं तर कामाला हेतू लागतो. असले सर्व्हे मी जरा शंकेनंच वाचतो, कारण हेतू नको असं तोंडावर कोण म्हणेल? पण आमच्या ऑफिसात सहा पोरं आहेत आणि सहाही वेगवेगळ्या शब्दांत तेच बोलतात.

नाही, पाच. सहावी भिवापूरची आहे, मिरचीवाल्या भिवापूरची. मोठ्या उत्साहात मी तिला विचारलं, तुला या कामातून काय हवंय. ती म्हणाली, "सर, माझा हेतू घरी आहे. बाबांचं पीककर्ज. तुम्ही पगाराचं बघा." मी दोन मिनिटं गप्प बसलो. अर्थ शोधायलाही घरात कोणाची तरी पेन्शन लागते, हे मी पार विसरलो होतो. आणि हेतूच्या नावाखाली पोरांना निम्म्या पगारात राबवणारेही कमी नाहीत. माझ्या भाचीला एका संस्थेनं वर्षभर "हे सेवाकार्य आहे" म्हणत रविवारीसुद्धा बोलावलं. तिनं सोडली ती नोकरी, आणि सेवेचं नाव काढलं तरी आता ती खोलीतून उठून जाते. भिवापूरच्या पोरीचा पगार मी वाढवला. तिला भाषण दिलं नाही.

ऑफिसात फार काही बदललं नाही, उगाच फुगवून सांगत नाही. दोनच गोष्टी केल्या. ज्याचं ऑडिट करायचं त्याच्या दुकानात, गोदामात, पतसंस्थेत आर्टिकलनं आधी एक दिवस जाऊन बसायचं, मग फाइल उघडायची. पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये तर याचा फरक लगेच दिसला. काउंटरवर पासबुक घेऊन उभी असलेली भाजीवाली एकदा बघितली की पोरगी ठेवींची यादी वेगळ्या नजरेनं तपासते. चुकाही जास्त सापडल्या, ही माझ्या फायद्याची बाजू. दुसरं, साडेसहानंतर मी मेसेज करत नाही. पहिले पंधरा दिवस बोटं शिवशिवायची.

उमरेडचा पोरगा राहिला का, असं ग्रुपवर विचाराल, म्हणून आधीच सांगतो. नाही राहिला. आर्टिकलशिप संपवली, पास झाला आणि गडचिरोलीकडे एका संस्थेचे हिशेब बघायला गेला. मला तो ऑफिसात हवा होता. अजूनही थोडा राग आहे. मार्चमध्ये त्याचा फोन येतो, सर ही एंट्री कशी टाकायची, आणि मी अर्धा तास फुकट बोलतो.

गेल्या सोमवारी नवीन पोरगा मुलाखतीला आला. आता आर्टिकलशिप तीनाऐवजी दोनच वर्षांची असल्यामुळे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवीन असतंच. मी विचारलं, तुला काही विचारायचंय? मला वाटलं स्टायपेंड विचारेल. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे संध्याकाळ असते का?"

मी म्हटलं, "जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबर सोडून असते."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बाप्पा! पंचवीस वर्षांत मला तर नाही दिसली."