मावशी, तू घेतला होतास ना हातात?

आज सकाळी भाचीचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर पेरूला निघालीय, ॲमेझॉनच्या काठाने चार दिवस. सोबत कुठल्याशा टूरवाल्याची जाहिरात, 'स्लॉथला कुशीत घ्या, फोटो काढा'. आणि त्याखाली माझाच जुना फोटो. इकितोसजवळ नदीत होडी उभी आहे, माझ्या कडेवर स्लॉथ (झाडांना लटकून राहणारा तो संथ प्राणी), आणि आम्ही दोघंही हसतोय. "मावशी, तू घेतला होतास ना हातात? कसं वाटतं गं? हा नको म्हणतोय, तू सांग ना त्याला."

चहा गार झाला. तिला अजून उत्तर दिलेलं नाही. आधी इथे लिहितेय, कारण त्या फोटोवर तुमच्यातल्या निम्म्यांनी बदाम टाकले होते आणि तीन वर्षं तो माझा डीपी होता.

२०१४ सालची गोष्ट. काठावर एक मुलगा उभा होता, दहा-अकरा वर्षांचा असेल. होडी लागायच्या आत त्याने खांद्यावरचा स्लॉथ काढून माझ्या हातात दिला. म्हणजे दिला असं मी म्हणतेय, खरं तर अडकवला. तीन लांब वाकड्या नखांचा एक पंजा माझ्या शर्टाच्या पट्टीत, दुसरा कॉलरमध्ये. केस राठ, ओलसर, पाठीवर हिरवट झाक. हात फिरवला तर केसांतून दोन पतंग बाहेर आले आणि लगेच परत आत घुसले. मी किंचाळले, सगळे हसले. आणि त्याने मला मिठी मारली. घट्ट. मी विरघळलेच. "बघा, किती विश्वासाने बिलगलाय," असं मी मराठीत ओरडून सगळ्या होडीला सांगितलं. होडीत मराठी कोणालाच येत नव्हतं.

कसला विश्वास! त्याला धरायला काहीतरी लागतं म्हणून त्याने मला धरलं. जन्मल्यापासून तो आधी आईला आणि मग फांदीला धरून जगतो. त्याची पकडच अशी की मेल्यावरही स्लॉथ कधी कधी फांदीला लटकलेलाच राहतो. त्याच्या लेखी मी झाड होते. तेही हलणारं, ओरडणारं, अंगाला डास पळवायचं औषध चोपडलेलं झाड.

आणि ते हसू. तीन बोटांच्या स्लॉथचा चेहरा जन्मतःच तसा असतो, ओठांच्या कडा वर वळलेल्या. भूक लागली तरी तोच चेहरा, आजारी पडला तरी तोच, घाबरून अर्धमेला झाला तरी तोच. त्या चेहऱ्याने जितका घात त्याचा केलाय तितका जग्वारनेही केला नसेल. आपल्याला हसरा चेहरा दिसला की पुढचं काही बघायचंच नसतं.

"पण तो शांत बसतो की! आवडत नसतं तर पळाला नसता का?" येणारच ही कॉमेंट, मला माहितेय. अहो, पळणार कशाच्या जोरावर? पानं खाऊन जगणारा प्राणी तो, आणि पानांत असतं काय! पोटातली पानं पचायलाच दिवसचे दिवस जातात. इतक्या थोड्या ताकदीत सगळा संसार चालवायचा म्हणून तो हळू झालाय. आळशीबिळशी नाही. इंग्रजांनी नाव ठेवलं ते आळसाचं, स्पॅनिशमध्येही त्याला आळशीच म्हणतात. म्हणे दिवसभर झोपतो. २००८ साली पनामाच्या जंगलात मोकळ्या स्लॉथच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या, तेव्हा निघाली जेमतेम साडेनऊ तास झोप. आमच्या घरात याहून जास्त झोपणारी माणसं आहेत, नावं घेत नाही.

तर असा प्राणी घाबरला की करणार काय? थिजतो. वरून हार्पी गरुड फिरत असतो आणि त्याची नजर हलणाऱ्या गोष्टीवर पडते. न हलणं हेच याचं ढाल-तलवार. जे गरुडासमोर करायचं तेच तो माझ्या कडेवर करत होता, आणि मी त्याला "गुणी बाळ" म्हणत होते.

हे लिहिताना माझेच कान तापलेत.

फोटोकडे परत येते, कारण त्यातली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. स्लॉथ कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत बहुतेक वेळा नऊ मणके असतात (आपल्यात सात, जिराफातही सातच), त्यामुळे त्याची मान घुबडासारखी मागे वळते. त्याने ती सावकाश वळवली, माझ्यापासून लांब, काठावरच्या झाडांच्या दिशेने. मी फोटोसाठी तोंड करून बसलेली आणि याचं डोकं पाठमोरं. मग त्या मुलाने हात पुढे केला, मानेच्या मागे दोन बोटं लावली आणि नळाची तोटी फिरवावी तसं ते डोकं कॅमेऱ्याकडे फिरवलं. क्लिक. पुन्हा ते डोकं वळलं, पुन्हा त्याने फिरवलं. चार फोटो निघाले, चारही वेळा हेच.

भर दुपार होती. तीन बोटांच्या स्लॉथला रंग दिसत नाहीत आणि लख्ख उजेडात तर तो जवळजवळ आंधळाच असतो, हे मला नंतर कळलं. त्याला काय दिसत असेल? पांढरंफटक सगळं, आणि त्यात आवाजच आवाज.

डीपीवर लावायच्या आधी मी फोटोची डावी कड कापली. हात दिसत होता ना.

बरं, मान्य करते, हात लावायलाच लागतो अशीही वेळ असते. कोस्टारिकात विजेच्या तारांवर भाजलेले, रस्त्यावर गाडीखाली आलेले स्लॉथ बचाव केंद्रांत आणतात, तिथली माणसं त्यांना हात न लावता औषध कसं देणार? रस्ता ओलांडत जमिनीवर सरपटणाऱ्या स्लॉथला कोणी मागून काखेत धरून पलीकडच्या झाडाला लावून दिलं तर त्या माणसाला माझा नमस्कार. पण तो फोटोसाठी थांबला तर नमस्कार परत. बचाव केंद्राच्या नावाखाली तिकीट लावून "पाच मिनिटं कुशीत घ्या" म्हणणारेही असतात. त्यांच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे, तो बचाव नव्हे.

दोन बोटांचा स्लॉथ त्यातल्या त्यात माणसाच्या सहवासात तगतो, हेही खरं. तो चिडला की कडकडून चावतोही. मला तर बरंच वाटतं ते. निदान नाही म्हणतो.

आणि तो मुलगा. त्याच्यावर राग काढायला बसले होते, पण जमत नाहीये. मी त्याला पाच सोल दिले, सोल म्हणजे तिकडचं चलन. त्याने नाणं खिशात घातलं आणि माझ्या शर्टातून स्लॉथचं एकेक नख सोडवायला लागला. न ओढता, अगदी सवयीने, झुडपात अडकलेली ओढणी काढावी तसं. कापड फाटू दिलं नाही आणि नखही मोडू दिलं नाही. शेवटचा पंजा सुटला तेव्हा स्लॉथचा हात हवेत तसाच राहिला, काही सेकंद, काहीतरी शोधत. मुलाने आपला खांदा खाली घातला. हाताला खांदा मिळाला. मग ते दोघं मागच्या होडीकडे गेले, तिच्यामागे आणखी एक होडी होती.

त्या मुलाच्या घरात चूल कशावर पेटते ते मला माहीत नाही, तेव्हा शहाणपणा शिकवायला मी कोण. पण ते रानातून स्लॉथ धरून आणणं कोणासाठी चाललं होतं? माझ्यासाठी. माझ्या पाच सोलांसाठी. दरवेशी अस्वल नाचवायचा तेव्हा नाकातली दोरी बघून आपण हळहळायचो आणि नाणंही टाकायचो. तसंच हे, फक्त इथे दोरी दिसत नाही म्हणून हळहळही वाचली.

हे कोणाला ठाऊक नाही असंही नाही. कोस्टारिकाच्या सरकारने २०१९ मध्ये प्राण्यांना धरून सेल्फी काढू नका म्हणून मोठी मोहीम काढली. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१७ पासून इन्स्टाग्रामवर स्लॉथ-सेल्फीचा हॅशटॅग शोधला की आधी इशारा यायला लागला. इशारा येतो, आपण तो अंगठ्याने वर सारतो आणि पुढे "ऑऽऽ किती गोड". पुरे आता ते गोड! गोड वाटलं की जवळ ओढायचंच हे कुठून आलं आपल्यात? लहान मुलांचे गाल ओढणारी माणसं आपल्यालाच लहानपणी नको वाटायची ना?

त्याला बघायचंच असेल तर खालून बघा. वर मान करून, दुर्बिणीतून, मान मोडेस्तोवर. तो आठवड्यातून साधारण एकदा खाली उतरतो, तेही शौचाला. बाकी दिवस सेक्रोपियाच्या झाडावर गवताच्या गाठोड्यासारखा दिसेल. काही करणार नाही. तासाभराने एक हात पुढे टाकेल. आमच्या वाटाड्याने परतताना एक दाखवला होता तसा, उंच फांदीवर, आणि मी म्हटलं होतं, "हं, आत्ताच घेतला होता हातात," आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं होतं. खराखुरा मोकळा स्लॉथ डोक्यावर होता आणि मी त्या चारांतला कुठला फोटो बरा आलाय ते बघत होते.

आत्ता जुनी हार्ड डिस्क काढली. मूळ फोटो सापडला, न कापलेला. भाचीला तोच पाठवलाय, वर एक ओळही न लिहिता.

निळ्या खुणा आल्या. तिने विचारलंय, "मावशी, हा हात कोणाचा?"

टाइप करतेय.