दोष आवाजाचा की लेखणीचा?

प्रेमकथा ऐकताना फसली, तर जबाबदार कोणाला धरायचे, वाचणाऱ्याला की लिहिणाऱ्याला? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात या प्रश्नावरून बराच मोठा वाद झाला. आम्ही सहा जणांनी ठरवून एकच ऑडिओबुक ऐकले होते. आजच्या पुण्यात घडणारी ती प्रेमकथा ९ तासांची आहे. एकच फ्लॅट एजंटाने दोघांना भाड्याने दिला, डिपॉझिटही दोघांकडून घेतले, आणि परत मिळेपर्यंत दोघांना एका छताखाली राहावे लागले, अशी तिची सुरुवात. सुरुवात झकास आहे. पैसे अडकल्याची चीड, स्वयंपाकघरातल्या कप्प्यांची वाटणी, घरी काय सांगायचे याची काळजी, हे सगळे आजचे आणि ओळखीचे आहे. म्हणूनच पुढे ती कथा जशी घसरत गेली, त्याने आम्हा सर्वांचीच निराशा झाली. ती कोणत्या अ‍ॅपवर ऐकली, याला येथे महत्त्व नाही.

आमच्यातला नाटकवाला मित्र स्वतः स्टुडिओत जाऊन पुस्तके वाचतो, आणि त्याने पहिला ठपका आवाजावरच ठेवला. नायक कोल्हापूरचा असला, तरी त्याचे सगळे संवाद प्रमाण मराठीत लिहिलेले आहेत, हे त्याने छापील प्रत उघडून दाखवले. वाचणाऱ्या अभिनेत्रीने मात्र नायक रागावला की त्याला रांगडा सूर दिला आणि तो प्रेमात आला की तो सूर काढून घेतला. “माणसाची बोली अशी भावनेप्रमाणे चालू-बंद होत नाही,” असे तो तळमळीने म्हणाला. त्याबरोबरच त्याने तिची अडचणही सांगितली. मानधन बहुधा तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या तासावर ठरते, त्यामुळे आधी कादंबरी वाचून पात्रांचे आवाज पक्के करण्यात जे दिवस जातात त्यांचा मोबदला वेगळा मिळत नाही. साहजिकच तयारीला कात्री लागते, आणि नायकाचा स्वभाव दहाव्या प्रकरणात उलगडतो तेव्हा पहिली नऊ प्रकरणे मुद्रित होऊन गेलेली असतात.

हे मला मान्य आहे, पण मूळ दुखणे तेथे नाही, असे मी म्हटले आणि एक वाक्य पुन्हा ऐकवले. नायक दुसऱ्या घराची चावी घेऊन येतो आणि आपण पुढच्या आठवड्यात जाणार असल्याचे सांगतो, तो हा प्रसंग. “‘बरं झालं,’ ती वरवर शांतपणे, पण आतून पूर्ण कोसळत म्हणाली.” अभिनेत्रीने ‘बरं झालं’ हे दोन शब्द अप्रतिम म्हटले आहेत. पहिला शब्द स्थिर, दुसऱ्यावर श्वास किंचित कमी पडलेला, आणि पुढे क्षणभर काही नाही. आपल्याला सगळे कळते. आणि त्यानंतर तोच आवाज आपल्याला समजावून सांगतो की ती वरवर शांत होती आणि आतून कोसळत होती. छापील पानावर डोळा हे सहज ओलांडून जातो, कारण तेथे शब्दांना आवाज देणारे दुसरे कोणी नसते आणि लेखकाने थोडे सुचवले तर ते खपून जाते. कानाला मात्र तीच भावना दोनदा मिळते, एकदा अभिनयातून आणि लगेच स्पष्टीकरणातून, आणि ज्या क्षणी श्रोत्याचा गळा दाटून यायला हवा त्या क्षणी त्याला शिकवणी दिली जाते. पूर्ण कादंबरी अशा वाक्यांनी भरलेली आहे. लेखकाचा स्वतःच्या संवादांवर विश्वास नाही, हे कागदावर झाकले गेले असते. आवाजाने ते उघडे पाडले.

आमचा धाकटा मित्र विरार लोकलमध्ये दीडपट वेगाने ऐकतो, आणि त्याला यातले काहीच खटकले नव्हते. त्याला त्याबद्दल नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेगात आवाजाची पट्टी चढत नाही, म्हणून काही बिघडल्यासारखे वाटत नाही. पण शब्दांबरोबर विरामही आखडतात, आणि दोन सेकंदांची शांतता सव्वा-दीड सेकंदावर येते. ‘बरं झालं’ नंतरचा तो क्षण त्याला मिळालाच नव्हता, तर पुढचे स्पष्टीकरण जास्तीचे कसे वाटणार?

यावर ताई बोलल्या. ताईंना दिसत नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, आणि मोबाइलवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर त्या इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला त्यातले अक्षर कळत नाही. “बातम्या आणि बँकेचे निरोप मी तसे ऐकते, पण कादंबरी कधीच नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला हे पुस्तक ऐकण्याची सोय आहे, मला ते असेच मिळते. पूर्वी आमच्यासाठी कॅसेटवर पुस्तके वाचणाऱ्या बाई मुद्दाम साधे वाचत, रडणे आले तरी रडत नसत. त्यामुळे कोण कसे बोलले असेल, हे माझे मला ठरवता येई. या मुलीने छान वाचले आहे, पण ती आणि लेखक दोघे मिळून मला काही करूच देत नाहीत.” त्या दिवशीच्या चर्चेतले हे सर्वांत मोलाचे बोलणे होते, असे मला मनापासून वाटते. अभिनय करून वाचावे की साधे वाचावे, हा वाद बाजूला ठेवला तरी श्रोत्याच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न टळत नाही.

त्यानंतर विषय आला ताटातुटीचा. गॅलरीतून नायकाचे फोनवरचे अर्धे बोलणे नायिकेच्या कानावर पडते, “तिला अजून सांगितलेलं नाही” एवढेच, आणि ती चिठ्ठीसुद्धा न ठेवता नागपूरला निघून जाते. पुढचे जवळजवळ ३ तास कथा तेथेच अडून राहते. मास्तरांनी मात्र गैरसमजाची बाजू घेतली. “गैरसमजाला नावे ठेवू नका,” ते म्हणाले, “किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी प्रेक्षकाने ते डोक्यावर घेतले. त्यात तरी राजा बायकोला ओळखत नाही, एवढेच आहे ना?”

वकीलबाईंनी त्यांना तेथेच थांबवले. “मास्तर, तुम्हीच आम्हाला शिकवलेत की शाप झाल्याचे शकुंतलेला ठाऊकच नाही, मैत्रिणींनी ते तिच्यापासून लपवले आहे. दुष्यंताला आपण विसरलो याचे भान नाही, आणि अंगठी शचीतीर्थात पडलेली आहे. दोघांनी कितीही बोलायचे ठरवले, तरी कोळ्याला मासा सापडेपर्यंत गाठ सुटणार नाही. येथे दोघांच्या खिशात फोन आहे.” मास्तरांनी हे मान्य केले, तरी स्वाभिमानी माणूस फोन करत नाही, हा मुद्दा सोडला नाही. तो मुद्दा खराही आहे. फक्त तो स्वाभिमान आधीच्या ६ तासांत कुठे दिसायला हवा होता. डिपॉझिटसाठी एजंटाच्या दारात ठाण मांडून बसणारी ही मुलगी अर्ध्या वाक्यावर गप्प होऊन निघून जाते, हे पटत नाही. वाचताना अशा ठिकाणी आपण दहा पाने चाळून पुढे जातो. ऐकताना पंधरा सेकंद पुढे नेणारे बटण दाबत राहावे लागते, आणि आपण काय गाळले, हे कळण्याची सोय नसते. रेंगाळलेली कादंबरी कानाला अधिक जाचते, ती यामुळे.

एका प्रसंगाबद्दल मात्र आम्हा सहाही जणांचे एकमत झाले. एजंटाने डिपॉझिटची निम्मी रक्कम परत केल्यावर दोघे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहून हिशेब करतात. वीजबिल कोणी भरले, गॅसचे किती, गीझर दुरुस्तीचे अर्धे कोणाकडे. हिशेब चुकता झाला की एकाला जावे लागणार, म्हणून तो मुद्दाम चुका करतो, आणि तीही त्या चुका दाखवत नाही. प्रेमाचा शब्द कुठेच नाही, भावनेचे नाव नाही, ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’देखील फारसे नाहीत. तेथे त्याच अभिनेत्रीला लेखकाने जागा दिली, तर तिने आकडे वाचून जीव गलबलून टाकला. ज्याला हे लिहिता येते त्याने बाकीचे तसे का लिहावे, याचाच मला राग आहे.

नाटकवाल्याचे म्हणणे असे पडले की अशी स्पष्टीकरणे वाचणाऱ्याने सरळ गाळावीत. वकीलबाईंना ते पटले नाही. लेखकाच्या संमतीवाचून मजकुराला हात लावू नये, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देते, आणि दोन-चार विशेषणे गाळल्याने लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येतो असे न्यायालय मानणार नसले तरी विचारणे हाच रीतसर मार्ग आहे, असे त्यांनी सांगितले. मग लेखकानेच ध्वनिमुद्रणापूर्वी एक प्रत ऐकण्यासाठी म्हणून वेगळी का तयार करू नये, असे मी विचारले. आकाशवाणीच्या श्रुतिका लिहिणाऱ्यांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कानासाठी लिहिले आहे. २०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचे अ‍ॅप भारतात आले तेव्हा पहिल्या भाषांमध्ये मराठी होती, आणि तेव्हापासून ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मालिकाही मराठीत झाल्या आहेत. म्हणजे ही विद्या आपल्याकडे नाही, असे नाही. लेखकाने आपली कादंबरी एकदा स्वतः मोठ्याने वाचली असती, तरी ‘आतून पूर्ण कोसळत’ येथे त्याची जीभ अडली असती.

मास्तरांना ही दुसऱ्या प्रतीची कल्पना अजूनही मान्य नाही. पुस्तक एकच असते, असे ते म्हणतात. ताईंनी मात्र त्या अभिनेत्रीने वाचलेले दुसरे पुस्तक लावायचे ठरवले आहे, आणि लेखक दुसरा असल्याची खात्री त्यांनी आधी करून घेतली.