माझे ५३, दादाचे ७

दादा भारतात, मी इंग्लंडमध्ये. मधुमेह मात्र दोघांच्या मागे एकाच वर्षी लागला. परवा फोनवर त्याला माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ५३ आल्याचं सांगितलं, तर पलीकडे एकदम शांतता. इथे २०११पासून हा आकडा टक्क्यांत देत नाहीत, एककच वेगळं आहे. ५३ म्हणजे तिकडचे ७ टक्के. बोटातून रक्त काढून मोजतो त्या साखरेचाही असाच घोळ. इथले ७ म्हणजे तिकडचे १२६. दोघांची साखर सारखीच आहे हे पटवायला दहा मिनिटं गेली.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 'इंडियाब' पाहणीने २०२३मध्ये देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर सांगितला. आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून अजून जुंपते. एक बाजू म्हणते, लोकांना माहितीच नाही, जनजागृती करा. दुसरी म्हणते, मधुमेह घालवता येतो, पण डॉक्टर सांगत नाहीत. भांडतात कडाकडा, पण मनात दोघांच्याही एकच: एकदा कळलं की वळेल.

मला हे पटत नाही, आणि त्याला कारण इथला अनुभव आहे. निदान झाल्यावर मला 'डेस्मंड' नावाच्या सहा तासांच्या वर्गाला पाठवलं होतं. याच वर्गाची ८२४ जणांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली छापून आले. वर्षभरानंतर वर्गाला गेलेल्यांची आजाराबद्दलची समज सुधारली होती, वजन थोडं जास्त उतरलं होतं. एचबीएवनसीत मात्र वर्गाला न गेलेल्यांपेक्षा म्हणावा असा फरक नव्हता. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हाही समज टिकून होती आणि साखरेचं तेच.

'घालवता येतो'वाल्यांचं सगळंच खोटं नाही. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या टाइनसाइडमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलेल्यांपैकी वर्षभराने ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. पण त्यासाठी कित्येक महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, आणि पुढे सतत कुणीतरी पाठीशी. फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओत हा 'कुणीतरी' नसतो.

दादाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तरी तपासणीच्या आधी चार दिवस तो कडक पथ्य पाळतो, म्हणजे 'रिपोर्ट चांगला येतो'. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो, हे त्यानेच मला कधीतरी समजावलं होतं! त्याच्यासाठी रिपोर्ट म्हणजे प्रगतिपुस्तक. आकडा वाढला की डॉक्टर रागावणार, म्हणून मग तपासणीच पुढे ढकलायची. इन्सुलिनचं नाव काढलं तर म्हणतो, 'ते शेवटचं.' टाइप-२ मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद वर्षागणिक कमी होत जाते, हे यूकेपीडीएस या मोठ्या ब्रिटिश अभ्यासातून दिसलं होतं. इन्सुलिन लागणं हा आजाराचा पुढचा टप्पा आहे, रुग्णाचा गुन्हा नव्हे. पण तसं त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असेल तर रागावून.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. अपॉइंटमेंटसाठी ताटकळावं लागतं, आणि नर्ससमोर बसून साळसूदपणे खोटं मीही बोललो आहे. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला इंग्लंडमध्ये ती फुकट मिळतात, वर्षातून एकदा तपासणीचं पत्र घरी येतं. हे मोठंच आहे. त्याचं श्रेय माझ्या शहाणपणाला देण्यात अर्थ नाही. पण माझ्या बाबतीत फरक पडला तो एका प्रश्नाने. गोळ्या वेळेवर घेता का, असं विचारलं की मी 'हो' म्हणत आलो होतो. नव्या नर्सने विचारलं, 'कोणत्या वेळची गोळी जास्त चुकते?' मी पटकन 'संध्याकाळची' म्हणून गेलो. तिने ती वेळच बदलून दिली. रुग्णांच्या मनोवृत्तीवर एवढी चर्चा होते. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याच्या मनोवृत्तीवर तिकडे कुणी चकार शब्द काढत नाही.

परवा दादाला मी तोच प्रश्न विचारला. पुन्हा शांतता, ५३च्या वेळेपेक्षा जरा लांब. मग हळूच म्हणाला, 'रात्रीची. पण हे वहिनीला सांगू नकोस.'