आयुष्य बदलणारं पुस्तक सुखरूप कसं वाचावं

विकत घेताना आतली कोरी पानं आधी बघा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'तुमची पाच ध्येयं इथे लिहा' म्हणून आखलेल्या ओळी असतील, तर डोळे झाकून घ्या. लिहायचं तुम्ही आणि त्या पानांचे पैसेही तुम्हीच मोजायचे. सेल्फ-हेल्प म्हणतात ते हेच.

पहिली तीन प्रकरणं एका बैठकीत उरकावीत, कारण त्यांत करायचं काहीच नसतं. तुम्ही किती वाईट जगताय, लेखक त्याहून वाईट कसा जगत होता आणि मग एके दिवशी त्याला काय उमगलं, एवढंच असतं. चौथ्यापासून कामं लागतात. तिथे खूण घालून पुस्तक मिटावं, आणि उशाशी ठेवावं ते मलपृष्ठ वर करून, म्हणजे अर्धं वाचून झाल्यासारखं दिसतं. घरातल्या आजोबांच्या हाती मात्र लागू देऊ नका. ते दासबोध काढतील, दुसऱ्या दशकाचा दहावा समास उघडतील आणि पढतमूर्खाची लक्षणं चहा होईपर्यंत मोठ्याने वाचतील.

पहाटे पाचला उठण्याचं प्रकरण इंदुरात अगदी सोपं आहे. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन खाण्याचे ठेले लागायला रात्र व्हावी लागते. भुट्ट्याचा कीस, थंडी असेल तर जीरावन मसाला भुरभुरलेला तळलेला गराडू कंद, वर रबडी, आणि एवढं करून रामबागेत घरी परत यायला सहज एक वाजतो. अशा वेळी गजर पाचचाच लावायचा, स्नूझ नऊ मिनिटांचं. साडेसहापर्यंत तो अकरा वेळा वाजतो. पुस्तक एकदाच उठायला सांगतं. तुम्ही अकरा वेळा उठता.

आता एकवीस दिवसांचा नियम. 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात. पुढच्या लेखकांनी 'किमान' गाळलं, चेहरा गाळला, आकडा ठेवला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगून मोजमाप झालं, तेव्हा मधला आकडा 66 दिवस निघाला; कुणाला 18 पुरले, तर कुणाचा हिशेब 254 पर्यंत गेला. हे तुम्ही वाचायचं नाही. बाविसाव्या दिवशी 'आपल्याला नाही बुवा जमत' म्हणायची सोय त्याने जाते. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडत नाही. हे तर कानावरही येऊ देऊ नका. पाहुणे आले, एक दिवस चुकला, आता पुढच्या सोमवारपासून, ही वाटच बंद व्हायची.

तक्ता मात्र जरूर आखा, पट्टी घेऊन, चार रंगांत. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांचा तक्ता केला होता; आठवड्याला एक सद्गुण, चूक झाली की काळा ठिपका. व्यवस्थितपणा काही आपल्याला शेवटपर्यंत जमला नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तक्ता सुंदर होता, हे महत्त्वाचं.

एका गोष्टीपासून जपा, आणि ती नेमकी आपल्याच शहरात आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 2017 पासून 2023 पर्यंत दर वेळी पहिलं आलं (शेवटचा नंबर सुरतेबरोबर वाटून). ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय इथल्या घरांना कोणत्या पुस्तकाने लावली? गाडी रोज दारात येते, गाणं वाजतं, मागचा माणूस डब्यात डोकावतो आणि केळ्याच्या सालीत दुधाची पिशवी दिसली की शेजाऱ्यांदेखत ऐकवतो. दोन डबे ओट्याखाली शेजारी-शेजारी. टाकताना निश्चय, प्रेरणा, ध्यास, काही लागत नाही. हाच प्रकार तुम्ही घरात आणलात, म्हणजे फिरायचे बूट रात्रीच दाराशी काढून ठेवलेत, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलात, किंवा वरच्या मजल्यावरच्या काकांना 'उद्या सहाला खाली भेटू' म्हणून बसलात, तर संपलंच. काका पावणेसहालाच खालून हाका मारतात. पावसातही. मग पुस्तक उघडायला सवडच उरत नाही, ध्येयांच्या ओळी कोऱ्याच राहतात.

तरी तशी वेळ आलीच, तर जास्त वाईट वाटून घेऊ नका. खुणा पेन्सिलीनेच केल्या असतील, तर खोडरबराने अर्ध्या तासात पुस्तक नव्यासारखं होतं. खजुरी बाजारात जुनी पुस्तकं घेणारा आधी पहिलं पान बघतो, नाव लिहिलेलं असलं की भाव पाडतो. चौथ्या प्रकरणापुढची पानं उलगडून दाखवा. त्यांना हातही लागलेला नसतो. आलेल्या पैशांत थोडे घालून 'भाग दुसरा' घ्या.