‘जुना गेम हवा तर जुनाच डबा घ्या’ हे कुणी सांगितलं?

मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की विंडोज १० आणि ११वर नव्वदीतले गेम चालूच शकत नाहीत. चाललेच तर प्रोसेसर वेगवान असल्याने भरधाव सुटतात. कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या प्रोग्रामसाठी विंडोजने दिलेली सोय) नुसता दिखावा आहे आणि रुंद स्क्रीनवर चित्र ताणलं जाणारच. विकत घेतलेल्या मूळ सीडीही आता चालत नाहीत. म्हणून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, पेंटियम प्रोसेसरचा एखादा जुना पीसी उचला, त्यावर विंडोज एक्सपी टाका, आणि गेम ‘आता कुणाच्याच मालकीचे नाहीत’ तेव्हा मिळेल तिथून फुकट उतरवा. शेवटी प्रेमळ सूचना, अँटिव्हायरस बंद करून मगच सेटअप चालवा.

सगळंच खोटं आहे असं नाही. पण लिहिणाऱ्याने चार वेगळ्या दुखण्यांना एकच नाव दिलंय आणि औषध म्हणून नवा पेशंट आणायला सांगितलंय.

‘चौसष्ट बिट विंडोजवर जुनं काहीच चालत नाही.’ यातलं ‘काहीच’ चूक आहे. ६४ बिट विंडोजने १६ बिट प्रोग्रामचा आधार काढून टाकला, हे खरं (बिट म्हणजे प्रोग्राम एका दमात केवढा आकडा हाताळतो त्याचं माप). म्हणजे डॉसचे, विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे, गेम आणि विंडोज ३.१च्या काळातले गेम थेट चालत नाहीत. पण १९९६चा रोड रॅश, १९९७चा एज ऑफ एम्पायर्स, २०००चा प्रोजेक्ट आयजीआय हे सगळे ३२ बिट. त्यांच्यासाठी विंडोज ११मध्येही सोय शाबूत आहे. गोंधळ होतो तो सेटअपमुळे. त्या काळात गेम ३२ बिट पण त्याचा सेटअप मात्र १६ बिट, असा प्रकार सर्रास होता. आपण सीडी घालतो, सेटअपवर क्लिक करतो, ‘हे तुमच्या पीसीवर चालणार नाही’ असा फलक येतो आणि आपण गेमलाच दोष देऊन मोकळे होतो. बिचारा गेम अजून उघडलेलाही नसतो! अशा वेळी सीडीवरचं फोल्डर उघडून बघावं. कधी फाइल तशाच सुट्या पडलेल्या असतात, कॉपी केल्या की काम झालं. नाहीतर वाइन-व्हीडीएम नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर १६ बिट सेटअप चालवून देतं.

डॉसच्या गेमांसाठी डॉसबॉक्स २००२पासून उपलब्ध आहे. प्रोसेसर, साउंड ब्लास्टर (तेव्हाचं आवाजाचं कार्ड), ग्राफिक्स कार्ड, सगळंच ते सॉफ्टवेअरमध्ये उभं करतं. त्यामुळे खाली विंडोज कितवं आहे याची त्या गेमला खबरच लागत नाही. मूळ डॉसबॉक्सवरचं काम आता संथ पडलंय, नव्याने सुरू करणाऱ्याने डॉसबॉक्स स्टेजिंग ही त्याची नवी आवृत्ती घ्यावी.

वेगाचा मुद्दा जरा सविस्तर बघू, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावर आहे. पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. तेव्हाच्या काही गेममध्ये घड्याळ बघायची भानगडच नव्हती. अमुक इतके फेरे मोजले की पुढचं पाऊल टाक, एवढाच हिशेब. प्रोसेसर बदलला की हिशेब कोसळला. म्हणून तर ३८६-४८६च्या डब्यांवर टर्बोचं बटण असायचं, आणि त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी व्हायचा. म्हणजे ही तक्रार पेंटियमच्याही आधीची आहे. मेसेजवाले जो ‘जुना पेंटियम’ घ्यायला सांगतात तो २ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर असेल, तर नुसत्या हर्ट्झच्या हिशेबातही तो त्या पहिल्या पीसीच्या चारशे पटींहून वेगवान आहे. त्यावरही तो गेम भरधावच सुटणार.

काही प्रोग्राम तर पळतही नाहीत, दारातच गतप्राण होतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या कित्येक प्रोग्राममध्ये सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजण्याचा एक तुकडा असे. ५५ मिलिसेकंदांत किती फेरे होतात ते मोजायचं आणि त्याला ५५ने भागायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे भागाकार ठरलेल्या १६ बिटांत मावेनासा झाला आणि ‘रनटाइम एरर २००’ देऊन प्रोग्राम बंद पडू लागले. ही नव्वदीतलीच गोष्ट, त्यात विंडोज ११चा काडीचाही हात नाही.

डॉसबॉक्समध्ये याचा उपाय दोन कळांवर आहे. कंट्रोल-एफ११ने वेग कमी होतो, कंट्रोल-एफ१२ने वाढतो. पात्र माणसासारखं चालू लागलं की वेगाचा तो आकडा सेटिंगमध्ये लिहून ठेवायचा.

विंडोजच्या गेमांचं दुखणं वेगळं. तिथे प्रोसेसरपेक्षा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा नडतो. २००३चा व्हाइस सिटी घ्या. त्यात फ्रेम लिमिटर नावाचा पर्याय आहे, आणि ‘स्मूद’ दिसावं म्हणून पोरं तो आधी बंद करतात. मग गाड्या विचित्र वागतात, मिशनं अडकतात. तो चालूच ठेवायचा आणि वर सायलेंटपॅच नावाची चाहत्यांनी केलेली दुरुस्ती टाकायची. नव्या विंडोजवर माऊस मरण्यासारख्या खोडी तिने जातात. ज्या गेममध्ये असा लिमिटर नाही, तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमधून सेकंदाला ६० फ्रेमचं बंधन घालता येतं.

‘कम्पॅटिबिलिटी मोड दिखावा आहे.’ नाही. तो गेमला ठरवून खोटं सांगतो, ‘हे विंडोज ९५ आहे बरं का’ असं, आणि काही जुन्या सवयी चालवून घेतो. कित्येक गेमना तेवढंच पुरतं. मात्र त्याच्याकडून ग्राफिक्सचा चमत्कार मागू नये. २५६ रंगांत चालणाऱ्या गेममध्ये गवत गुलाबी आणि पाणी जांभळं दिसायला लागलं, तर जुन्या डायरेक्टड्रॉचं (डायरेक्टएक्स या गेमांसाठीच्या विंडोजच्या संचातला चित्र काढणारा भाग) आणि नव्या विंडोजचं पटत नाही असं समजावं. तिथे सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू२ लागतं. यांचं काम दुभाष्याचं. गेम जुन्या डायरेक्टएक्सच्या बोलीत बोलतो, हे त्याचं आजच्या कार्डाला कळेल असं करून देतात. डीजीव्हूडूला ग्लाइडही येतं, म्हणजे थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डांची खास बोली. १९९७च्या नीड फॉर स्पीड टू एसईचं चांगलं रूप ज्यांनी त्या काळी फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलं (व्हूडू कार्ड परवडणारी घरं आमच्या ओळखीत नव्हती), त्यांना ते आज साध्या लॅपटॉपवर बघता येतं. एक पथ्य पाळा. या डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्येच ठेवायच्या, विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये नाही. आणि त्या बनवणाऱ्याच्या पानावरूनच घ्यायच्या, ‘फ्री डीएलएल’च्या दुकानातून नको.

आणखी दोन बारीक गोष्टी मेसेजमध्ये नाहीतच, आणि निम्मे लोक तिथेच अडतात. एक म्हणजे, जुने गेम सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये व्हिस्टापासून तशी सरसकट मुभा नाही. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असं साधं फोल्डर करून तिथे टाका. दुसरं, ‘डायरेक्टप्ले हवं’ (डायरेक्टएक्सचा नेटवर्कवर खेळण्याचा भाग) असा निरोप आला तर ते विंडोज फीचर्समध्ये लेगसी कॉम्पोनंट्सखाली मिळतं, फक्त खूण करायची.

रुंद स्क्रीनचं फार मनावर घेऊ नका. ड्रायव्हरमध्ये स्केलिंगला ‘आस्पेक्ट रेशो’ निवडला की ६४०×४८०चं चित्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून नीट ४:३ दिसतं. पट्ट्या नकोच असतील तर व्हाइस सिटीसारख्या गेमांसाठी खास वाइडस्क्रीन फिक्स आहेत.

आता त्या जुन्या डब्याकडे येऊ. लॅमिंग्टन रोडला माझाही जीव रमतो आणि हौस म्हणून कुणी जुनं मशीन उभं करत असेल तर त्याला माझा नमस्कार. जाड काचेच्या मॉनिटरवर ते गेम दिसतात तसे एलसीडीवर दिसत नाहीत, हे कबूलच. पण ‘सोपा उपाय’ म्हणून हे सुचवणं धाडसाचं आहे. २०००च्या आसपासच्या कित्येक मदरबोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर लागले होते, ते फुगतात, गळतात. त्यात मुंबईची दमट हवा. चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या डब्याच्या स्लॉटमध्ये हिरवट थर आणि स्क्रूला गंज असतो. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४मध्ये थांबले, तेव्हा तो नेटला जोडणं आलंच नाही. शिवाय बहुतेक पेंटियम फोर बोर्डांवर आयएसए स्लॉट (जुनी कार्डं बसवायची खाच) नसतो, म्हणजे खरं जुनं साउंड ब्लास्टर बसत नाही आणि डॉसच्या गेमांचा आवाज कसाबसाच येतो. डॉसबॉक्समध्ये तो नीट येतो. अख्खं विंडोज ९८चं मशीनच हवं असेल, तर ८६बॉक्स हे सॉफ्टवेअर ते आजच्या पीसीच्या पोटात उभं करतं, फक्त तुमचा प्रोसेसर दमदार हवा.

फुकट उतरवण्याबद्दल. ‘अ‍ॅबँडनवेअर’, म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, हा प्रकार कायद्याच्या पुस्तकात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि नव्वदीतल्या गेमची मुदत आपल्या हयातीत संपत नाही. त्याच कायद्याचं कलम ५२ मात्र कायदेशीर प्रत असलेल्याला खराब होण्याच्या भीतीपोटी बॅकअप काढायची मुभा देतं. तेव्हा खरेदी केलेली सीडी असेल तर बुरशी चढण्याआधी तिचं आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, काढा. सेफडिस्क नावाचं नक्कलविरोधी कुलूप लावलेल्या सीडी विंडोज १०पासून चालत नाहीत, त्याआधीच्या विंडोजमध्येही सप्टेंबर २०१५च्या अपडेटने ते बंद केलं. मेसेजमधलं हे गाऱ्हाणं रास्त आहे. (फोर्टच्या फुटपाथवरच्या पिशवीतल्या सीडींना हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यांचं कुलूप विकणाऱ्यानेच तोडलेलं असायचं. सोबत कुठला व्हायरस यायचा तो नशिबाचा भाग.) पण अँटिव्हायरस बंद करून अनोळखी क्रॅक (कुलूप तोडणारी फाइल) चालवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जीओजी हे ऑनलाइन दुकान २००८पासून जुने गेम कुलूप काढून आणि आजच्या विंडोजसाठी जुळवून विकतं. सेलमध्ये काही तर अगदी किरकोळ पैशांत मिळतात. डॉसचे गेम तिथून घेतले तर डॉसबॉक्ससुद्धा आतच सेट करून येतं.

मित्रांसोबत खेळण्याबद्दल मेसेज गप्प आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. खेळाडूंना ऑनलाइन जोडून देणाऱ्या गेमस्पायचे सर्व्हर २०१४मध्ये बंद झाले आणि त्यांच्या भरवशावरच्या कित्येक गेमांचं ऑनलाइन खेळणं त्याबरोबर गेलं. लॅनवरचे, म्हणजे एकाच ठिकाणचे पीसी जोडून खेळायचे, गेम मात्र वाचवता येतात. १९९३चा डूम आयपीएक्सवर (तेव्हाची नेटवर्कची बोली) चौघांना खेळू देतो आणि डॉसबॉक्स ते आयपीएक्स इंटरनेटवरून पोचवतं. एक बोरिवलीत, एक परळला असला तरी चालतं. एकाने सर्व्हर सुरू करायचा, दुसऱ्याने त्याचा आयपी टाकायचा. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी नसेल, आणि अनेकदा नसतोच, तर दोघांनी आधी टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे दोन्ही पीसी एकाच खासगी नेटवर्कवर आणणारं सॉफ्टवेअर, टाकून घ्यावं.