‘सातव्या महिन्यापासून निम्मे जेवा’ : गरोदरपणातील आहाराविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गरोदर स्त्रियांच्या, आणि त्याहून अधिक त्यांच्या सासवांच्या, फोनवर एक संदेश सतत फिरत असतो. त्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, गाभा मात्र तोच राहतो. पहिले पाच महिने दोन जिवांचे म्हणून दुप्पट खावे. पपईला, कच्ची असो की पिकलेली, हातही लावू नये. रोज केशर घातलेले दूध प्यावे म्हणजे बाळ गोरे होते. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते आणि प्रमाणाबाहेर वाढते, म्हणून गोळ्यांऐवजी बीट, खजूर आणि गूळ खावा. सातव्या महिन्यापासून जेवण निम्मे करावे म्हणजे बाळ लहान राहून बाळंतपण सुखरूप होते. आणि नवव्या महिन्यात भरपूर तूप प्यावे म्हणजे वाट मोकळी होते. खाली हात जोडल्याचे चित्र आणि ‘सिझर टाळा’ असे आवाहन असते.

तालुक्याच्या गावी गरोदर स्त्रियांना आहाराचा सल्ला देण्याचे काम मी करते. मागे सातव्या महिन्यातली एक मुलगी आली होती. हिमोग्लोबिन 8.1. गरोदरपणी ते 11 च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. तिने पिशवीतून फाइल काढली, तेव्हा सोनोग्राफीच्या कागदांमागून लाल गोळ्यांच्या तीन अख्ख्या पट्ट्या बाहेर पडल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. मी विचारले, तर म्हणाली, “घेत नाही ताई. सासूबाई म्हणाल्या, बाळ काळं होतं.” आणि मग, मी विश्वास ठेवावा म्हणून, तिने फोन पुढे केला. हा लेख त्या फोनवरच्या मजकुराला उत्तर म्हणून लिहिला आहे. सासूबाईंना नव्हे, कारण त्यांनी ते सुनेच्या काळजीपोटीच पाठवले होते.

दुप्पट खाण्याचा सल्ला आधी पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला नेहमीपेक्षा दिवसाला साधारण 350 किलोकॅलरी अधिक लागतात. आपल्या ताटाच्या भाषेत सांगायचे तर ज्वारीची एक मध्यम भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि अर्धा कप दूध, एवढेच. दुसरे ताट नव्हे. शिवाय या वाढीव गरजेचा भर पहिल्या तिमाहीनंतर असतो. मळमळ आणि उलट्यांमुळे पहिल्या तीन महिन्यांत वजन जवळपास वाढले नाही तरी बहुधा बिघडत नाही. म्हणजे संदेशाने ‘जास्त खा’ म्हणून जो काळ निवडला आहे त्यात गरज सर्वात कमी असते, आणि ‘कमी खा’ म्हणून निवडला आहे त्यात सर्वात जास्त. प्रमाणापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, दुप्पट खायला सांगितले की आपल्याकडे भात आणि पोळी वाढते, उसळ आणि पालेभाजी वाढत नाही. त्याच शिफारशींत प्रथिनांची वाढ दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत 22 ग्रॅम सांगितली आहे, आणि ती नुसत्या भाताने भरून निघणारी नाही.

पपईच्या बाबतीत संदेशात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो भाग टिकून राहिला आहे. हिरव्या, कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. सिंगापूरमध्ये उंदरांवर केलेला आणि 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात या चिकाने गर्भाशयाच्या स्नायूंचे जोरदार आकुंचन झाले. पिकलेल्या पपईच्या रसाने तसे झाले नाही. तेव्हा कच्ची पपई, तिची भाजी आणि कोशिंबीर गरोदरपणी टाळावी, हे योग्यच. पूर्ण पिकलेल्या केशरी पपईत तो चीक जवळजवळ उरत नाही, आणि ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वे मात्र भरपूर असतात. खाण्याची सक्ती अर्थातच कोणी करत नाही. मनात शंका असेल तर पेरू खावा. पण पपई बंद, केळ्याने सर्दी, पेरूने खोकला, असे करत करत ताटातले फळच नाहीसे होते, आणि त्या जागी दुसरे काय ठेवायचे हे संदेश सांगत नाही.

केशराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो, ते किती तयार व्हायचे हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते, आणि केशराची काडी त्या हिशेबात कुठेच येत नाही. गोरेपणाची हौस हा वेगळा विषय आहे, आणि तो आहाराचा नाही. खंत एवढीच की त्या पेल्यातला खरा गुणकारी पदार्थ दूध आहे, आणि श्रेय केशराला मिळते. पाव लिटर दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, चांगली प्रथिने मिळतात, आणि जी स्त्री मांस-मासे-अंडी खात नाही तिला ब-12 जीवनसत्त्व आहारातून मिळण्याचा दूध-दही-ताक हाच काय तो मार्ग असतो. एक ग्रॅम केशराला काही शे रुपये पडतात. त्या पैशांत कितीतरी दिवसांचे दूध आणि अंडी येतील.

आता गोळ्या. गरोदरपणाच्या संपूर्ण काळात शरीराला सुमारे 1000 मिलिग्रॅम जादा लोह लागते. आईचे रक्त वाढते, त्यात सर्वात मोठा वाटा जातो. बाळाला आणि वारेला सुमारे 300 मिलिग्रॅम लागते. वनस्पतीजन्य अन्नातले लोह फार थोडे शोषले जाते, आणि गरोदरपणाच्या आधीच बहुतेक मुलींचा साठा रिकामा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणूनच दुसऱ्या तिमाहीपासून रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली लाल गोळी किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस, असे शासनाचे धोरण आहे.

बाळ काळे होण्याची समजूत बहुधा शौचाच्या रंगावरून आली असावी. न शोषलेल्या लोहामुळे शौच काळसर होते, ते निरुपद्रवी असते, आणि बाळाच्या कातडीशी त्याचा काही संबंध नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठ हे त्रास मात्र खरे आहेत, आणि ‘काही होत नाही, घे’ असे म्हणून ते उडवून लावणाऱ्यांमुळेच अशा संदेशांचे फावते. रात्री झोपताना गोळी घेतली, किंवा जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घेतली, तर बऱ्याच जणींना ती सोसते. चहाबरोबर ती घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. दोन्हींमुळे लोह नीट शोषले जात नाही. घरोघरी दोन्ही गोळ्या एकाच घोटात, तोही चहाच्या, गिळल्या जातात, आणि मग ‘गोळ्यांनी गुण आला नाही’ असे म्हटले जाते.

बिटाविषयीची श्रद्धा केवळ त्याच्या रंगामुळे आहे. लाल म्हणून रक्त वाढवणारे, हा तर्क पोरकट आहे. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. खजूर आणि गूळ खाण्यात वावगे नाही, पण 8.1 हिमोग्लोबिन असलेल्या सातव्या महिन्यातल्या स्त्रीला गूळ-खजुराने बाळंतपणाच्या आत सावरता येईल, असे म्हणणे तिच्या जिवाशी खेळणे आहे. बाळंतपणात होणारा रक्तस्राव निरोगी बाई सोसू शकते. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला तेवढाच रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो.

यापुढचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, आणि मथळ्यात मी तोच घेतला आहे. बाळ लहान राहावे म्हणून शेवटच्या तिमाहीत आईने अर्धपोटी राहायचे. अठ्ठाविसाव्या आठवड्याला बाळ साधारण एक किलोचे असते आणि पूर्ण दिवसांचे बाळ तीन किलोच्या आसपास. म्हणजे जन्मवजनाचा दोन तृतीयांश हिस्सा याच तीन महिन्यांत भरतो. मेंदूची झपाट्याने होणारी वाढ याच काळातली, आणि जन्मानंतर पहिले काही महिने पुरणारा लोहाचा साठाही बाळ आईकडून मुख्यतः आताच घेते. शेवटच्या तिमाहीत आई उपाशी राहिली तर काय होते, याचा पुरावा इतिहासाने दिला आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची अन्नकोंडी झाली. ज्या स्त्रियांचे शेवटचे महिने त्या उपासमारीत गेले त्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे 300 ग्रॅमने घटले, आणि ही पिढी मोठी झाल्यावर तिच्यात मधुमेहाकडे झुकणाऱ्या साखरेचे प्रमाण अधिक आढळले.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, 1990 च्या दशकात गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली. दिसायला किरकोळ, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, आणि पुढे मधुमेहाचा धोका असलेली. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे अधिक भरलेली होती. मुंबईच्या झोपडवस्त्यांत नंतर याच तीन गोष्टींचा रोजचा खाऊ देऊन प्रयोग झाला. एकूण सगळ्या बाळांच्या वजनात त्याने ठळक फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत मात्र तो दिसला, आणि गरोदरपणातला मधुमेह खाऊ घेणाऱ्यांत कमी आढळला. थोडक्यात, आहार हा सातव्या महिन्यात सुरू करण्याचा विषय नाही, आणि त्या महिन्यात तोडण्याचा तर नाहीच.

बाळ लहान म्हणजे बाळंतपण सोपे, हे समीकरणही खरे नाही. बाळाची स्थिती, आईचा कटिभाग, कळांचा जोर अशा बऱ्याच गोष्टींवर प्रसूती ठरते, आणि पोटात वाढ खुंटलेल्या बाळाचे ठोके कळांच्या ताणात लवकर बिघडतात, म्हणजे ज्या शस्त्रक्रियेच्या भीतीने उपास केला तीच करावी लागण्याचा संभव वाढतो. बाळ खरोखरच प्रमाणाबाहेर वाढत असेल, तर त्यामागे आईची वाढलेली साखर असण्याची शक्यता तपासावी लागते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर 140 किंवा त्याहून अधिक आली तर उपचार होतात. उपचारांतही जेवण निम्मे करत नाहीत, ते बदलतात. शेवटच्या महिन्यांत पोट लवकर भरल्यासारखे वाटते, जळजळ होते, हे खरे. त्यावर पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे हा उपाय आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर स्त्रीला शेवटच्या महिन्यांतही चौरस ताट वाढले जाते.

तुपाचा मुद्दा किरकोळ आहे. तूप जठरात आणि आतड्यात पचते; जन्ममार्ग हा वेगळा अवयव आहे, आणि तिथे ते ओंगण म्हणून पोहोचत नाही. वरणभातावर चमचाभर तूप जरूर घ्यावे. वाटीभर तूप प्यायल्याने मात्र भूक मरते आणि ज्या उसळीची गरज आहे ती पानात तशीच राहते.

त्या मुलीच्या सासूबाई पुढच्या खेपेला सोबत आल्या. गोळ्यांचे त्यांनी ऐकून घेतले, पपईवरून थोडा वाद घातला, आणि बोलता बोलता कळले की घरात सगळ्याच बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात, सूनही. मुंबईत 1,217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला होता, 2004 साली तो प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी होते, आणि त्या बहुतेकजणी मिश्रीच लावणाऱ्या होत्या. संदेशात मिश्रीबद्दल एक अक्षर नाही. सासूबाईंना मी तसे म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “ती काय पोटात जाते का?” त्या दिवशी आमचे बोलणे तिथूनच पुन्हा सुरू झाले.